स्वतःची किंमत कशी काढावी? नवशिक्या विश्वासणाऱ्यांसाठी (लातूर-नांदेड आवृत्ती)

ही मार्गदर्शिका ज्यांचा बाप्तिस्मा गेल्या पावसाळ्यात झाला त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्या घरात ख्रिस्ती धर्म पणजोबांपासून चालत आला आणि तरीही जे मंडळीत दाराजवळच, चपलांवर लक्ष ठेवल्यासारखे बसतात, त्यांच्यासाठीही आहे. पाळकसाहेबांनी "आता कोणीतरी प्रार्थना करा" म्हटलं की ज्यांना नेमका खोकला येतो, त्यांनी ती दोनदा वाचावी. ज्यांना आपली किंमत आधीच सापडली आहे आणि नाताळच्या फ्लेक्सवर प्रभूपेक्षा मोठ्या फोटोत ज्यांनी ती चौकात टांगली आहे, त्यांनी मात्र वेळ घालवू नये. त्यांच्यासाठी प्रगत आवृत्ती काढण्याचा विचार नाही.

साहित्य

पवित्र शास्त्राची एक प्रत. मराठी असेल तर बरं. देगलूर-बिलोलीच्या घरात आजीच्या पेटीतून तेलुगू निघेल, उदगीर-निलंग्याच्या सीमेकडे कन्नड, तीही चालेल. घट्ट झाकणाचा एक डबा. चालायला जमेल अशी चप्पल. बस्स.

न लागणाऱ्या वस्तूंची यादी जरा मोठी आहे: गिटार, गोव्याचं आडनाव, इंग्रजी. लातूरच्या बसस्टँडवर कोणी "तुम्ही ख्रिश्चन? वाटत नाही हो!" म्हणालं तर गांगरू नका. त्याने ख्रिश्चन माणूस सिनेमात पाहिलेला असतो. तिथे तो दारूच्या गुत्त्यावर असतो, नाहीतर हिरोचा मित्र होऊन मध्यंतरानंतर मरतो. कांबळे, गायकवाड, वाघमारे आडनावाचा, ज्वारीची भाकर खाणारा आणि "काय करायलाव?" म्हणून विचारणारा ख्रिश्चन त्याच्या हिशेबात बसत नाही. त्याला वाटलं तर सांगा, की जालन्याजवळ नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण घरातून आलेल्या पाद्र्यांनी एकोणिसाव्या शतकातच बेथेल नावाचं गाव वसवलं. मातंग आणि तेव्हाच्या महार समाजातली माणसं तिथे येऊन राहिली, आणि हेच शेषाद्री १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेलाही जाऊन आले. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक अहमदनगरहून १८४२ मध्ये निघालं. मराठीत छापील पानं मोजकीच होती तेव्हाची ही गोष्ट. नाही वाटलं तर काही सांगू नका. बस लागली असेल तर पकडा.

पायरी पहिली: सध्याचा भाव पाहून घ्या

लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचं पोतं आणलेल्या शेतकऱ्याला विचारा. माल त्याचा, घाम त्याचा, पण भाव दुसऱ्यांच्या मुठीत. कोणीतरी दाणे तळहातावर घेणार, ओलावा मोजणार, काडीकचरा दाखवणार आणि आकडा बोलणार. तुमचं-आमचं आयुष्यभर असंच चाललेलं असतं. फरक एवढाच की शेतकरी संध्याकाळी पट्टी घेऊन घरी जातो. आपण त्या आकड्यालाच आपलं नाव समजून बसतो.

हे आकडे कुठे कुठे लागतात ते पाहा. लातूरच्या ट्यूशन एरियात तो ७२० पैकी असतो. नीटच्या सराव परीक्षेत ४१० पडलेलं लेकरू मेसमध्ये मान खाली घालून जेवतं, ६५० वालं मोबाईल बघत जेवतं. डाळ दोघांच्या ताटात सारखीच पातळ. त्याच भागात खोली शोधायला गेलात तर घरमालक तीन प्रश्न विचारतो. आडनाव काय? गाव कोणतं? पहिल्या दोहोंवर भागलं नाही की तिसरा: गावात घर कोणत्या गल्लीला? हा तिसरा प्रश्न ओलावा मोजायच्या यंत्रासारखा नेमका काम करतो. खोली "कालच गेली" म्हणून कळतं. तुम्ही ख्रिस्ती झालात की कसे, हे त्याला नकोच असतं. गल्ली कळली, पुष्कळ झालं.

तहसीलमध्ये गंमत उलटी. तिथे गल्ली पुरत नाही, धर्म लागतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींत फक्त हिंदू धरले. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती अजून उंबऱ्याबाहेर आहेत. माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग २०२२ मध्ये याच प्रश्नावर नेमला गेला. आता एकाच आज्ज्याचे तीन नातू नांदेडात समोरासमोर उभे करा. एक आहे तसाच राहिला, एकाने दीक्षाभूमीची वाट धरली, एकाने बाप्तिस्मा घेतला. गावच्या हॉटेलात तिघांच्या आज्ज्याला कप बाहेरच्या कोनाड्यातला मिळायचा. गावाने तिघांना एकाच भावात तोललं, कायद्याने तिसऱ्याला वेगळं काढलं. त्यामुळे कित्येक घरांत कागदावरचं नाव निराळं आणि मंडळीत हाक मारायचं नाव निराळं. यावर मंचावरून ताशेरे ओढणारे पुष्कळ आहेत. लेकराची शिष्यवृत्ती ज्याला भरावी लागत नाही, त्याने इतक्या जोरात ओढू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळे भाव एका कागदावर लिहा. खाली बेरीज करू नका, ती येत नाही.

पायरी दुसरी: नम्रता. वापरण्यापूर्वी लेबल वाचा

इथे बहुतेक नवशिके घसरतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

नम्रता दोन बाटल्यांतून मिळते आणि दोन्हींवर लेबल एकच. पहिली बाटली पुढच्या खुर्चीवरचे गृहस्थ वापरतात. प्रार्थनेला उभे राहिले की ते स्वतःला माती म्हणतात, किडा म्हणतात, पापी, पामर, अपात्र म्हणतात. आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येतो. उपासना संपते आणि वार्षिक सभेच्या पत्रिकेत त्यांचं नाव दुसऱ्या ओळीत छापलेलं निघतं. मग मातीला काय संताप येतो! किडा पंधरा दिवस मंडळीत पाऊल टाकत नाही. पाळकसाहेब त्यांच्या घरी दोनदा चहा पिऊन येतात तेव्हा कुठे तो पुन्हा सरपटत पुढच्या खुर्चीवर येतो. या नम्रतेपासून धोका फारसा नाही, फक्त प्रार्थना लांबते.

दुसरी बाटली कडू आहे. ती मागे बसलेल्या बाईच्या घशात लहानपणापासून ओतलेली असते. शनिवारी मंडळी झाडणारी, सतरंजी अंथरणारी, प्रभूभोजनाची भांडी घासणारी बाई. तिला शास्त्रपाठ वाचायला सांगा. "आम्हाला काय येतंय, साहेब, दुसऱ्या कोणाला तरी सांगा" म्हणत ती पदर सारखा करते. तिला वाचता येतं. घरी नातवाला रोज वाचून दाखवते. पण शेतमालकाने सांगितलं, सासऱ्याने सांगितलं, शाळेत मागे बसवणाऱ्या गुरुजींनी सांगितलं की तुला काही येत नाही. मग रविवारी आम्ही तिला काय उपदेश करतो? "स्वतःला नमवा!" अहो, आणखी किती नमायचं तिने? पाठीला बाक आलाय.

तेव्हा मात्रा नीट पाहा. नमण्याचा उपदेश खुर्चीवाल्यासाठी लिहिलेला आहे, त्याला दुप्पट द्या. मागच्या बाईला शास्त्राचा दुसरा भाग वाचून दाखवा, जिथे देव वाकलेल्या बाईला हाक मारून सरळ उभी करतो, तेही भर सभास्थानात, शब्बाथाच्या दिवशी, पुढाऱ्यांच्या नाकावर टिच्चून. दोन्ही मात्रांची अदलाबदल झाली की माणसं बिघडतात. आमच्याकडे ती वर्षानुवर्षं होत आली आहे. खुर्चीवाल्याला "तू राजाचा पुत्र आहेस" हा संदेश फार आवडतो आणि तो त्यालाच वारंवार मिळतो.

पंडिता रमाबाईंना ही भानगड बरोबर कळली होती. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं ते खेड्यातल्या बाईला कळेल अशा भाषेत, आणि त्याचं छपाईचं काम आश्रमातल्या बायकांनीच केलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, संपूर्ण पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. ज्यांची लग्नघरात सावलीही नको असायची, त्या विधवांच्या हाती शास्त्राचे खिळे जुळवण्याचं काम! तुमची काही किंमत आहे, असं त्यांना कोणी भाषणात सांगत बसलं नाही. खिळे हातात दिले.

पायरी तिसरी: गिदोनाचा सराव

नवशिक्यांना पौलापासून सुरुवात करायला लावतात, ही चूक आहे. पौल मोठा माणूस, शिकलेला, भांडखोर, बोटीतून फिरणारा. आपल्याला गिदोन बरा. शास्त्यांच्या पुस्तकात सहावा अध्याय काढा.

मिद्यानी टोळ्या दर हंगामाला येऊन पीक लुटून नेत. म्हणून हा गडी गहू झोडत होता, पण खळ्यावर उघड्यावर नाही, द्राक्षं तुडवायच्या कुंडात दडून. देवाचा दूत येऊन त्याला बलवान वीर म्हणून हाक मारतो. कुंडात लपलेल्या, अंगभर भुसा झालेल्या माणसाला! आपल्याकडे कोणी असं म्हटलं असतं तर आपण टोमणा समजून भांडायला उठलो असतो. गिदोनही वाद घालतोच. देव आमच्याबरोबर आहे तर हे दिवस का आले, माझं कुळ सगळ्यांत दुबळं, मी घरात सगळ्यांत धाकटा. म्हणजे तोही आडनाव, गाव, गल्ली हेच सांगतो.

पुढचं पाहा. त्याला पहिलं काम मिळतं ते बापाच्याच घरची बआलाची वेदी पाडायचं. तो पाडतो, पण रात्री. घरच्यांना आणि गावकऱ्यांना भिऊन, दहा गडी सोबत घेऊन. देवाने त्याला "दिवसा का नाही पाडलीस?" म्हणून विचारल्याची नोंद नाही. रात्रपाळी मंजूर झाली. नंतरही तो लोकरीची परीक्षा एकदा घेतो, मग उलट करून पुन्हा घेतो, देव दोन्ही वेळा ऐकून घेतो. मग बत्तीस हजारांची फौज जमते तर देव ती कमी करत तीनशेवर आणतो. आमच्याकडे तीनशे माणसं जमली तर आम्ही "सभा फसली" म्हणतो.

सरावासाठी: तुमची भीती संपायची वाट पाहू नका. भीतीसकट एक काम निवडा. रात्री केलं तरी चालेल.

पायरी चौथी: पाय ओले करणे

यहोशवाच्या काळात लोक यार्देन ओलांडायला आले तेव्हा सुगीचे दिवस होते आणि नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. पाणी आधी हटलं आणि मग याजक उतरले, असं तिथे नाही. कराराचा कोश खांद्यावर घेतलेल्या याजकांचे पाय पाण्यात बुडाले, मग पाणी थांबलं. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडल्यावर नांदेडच्या घाटावरून गोदावरी पाहिलेल्या माणसाला हे वाचताना पोटात गोळा येतो. आला पाहिजे.

सूचना: हा प्रयोग खऱ्या गोदावरीत करू नये. विश्वास आणि अचाटपणा यांत फरक आहे. त्याच न्यायाने चंगाई सभेतून आल्यावर रक्तदाबाची गोळी बंद करू नये, साखरेची तर नाहीच. प्रार्थना करा, तेल लावा, गोळी घ्या. लूक स्वतः वैद्य होता.

मग पाय ओले करायचे कुठे? जवळच. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मुखेडहून, किनवटहून आलेलं माणूस पेशंटजवळ चार दिवस शेंगदाण्यावर असतं, तिथे डबा न्या. डबा नेताना पत्रक नेऊ नका. भाकरीच्या घडीत छापील कागद घालून देणं मला कधीच पटलं नाही. उपाशी माणसाला "आधी वाच" म्हणायचा तो प्रकार आहे. शिवाय हल्ली त्यावरून पोलीस ठाण्यात जावं लागतं ते वेगळं. त्याने विचारलं "तुम्ही कोण?" तर लपवूही नका. सलाम करा, नाव सांगा, गाव सांगा, मंडळी सांगा. तेवढं सांगताना जीभ अडखळली नाही, तर तुमचं निम्मं काम झालं.

ट्यूशन एरियातल्या त्या ४१० वाल्या लेकराला रविवारी घरी जेवायला बोलवा. मार्क विचारू नका, हा या पायरीचा अवघड भाग आहे. आणि मागच्या बाईने वाचायचं कबूल केलं, तर तिच्या उच्चारांवर नंतर कोणी हसणार नाही याची व्यवस्था आधीच लावा. हसणारे कोण ते सगळ्यांना माहीत असतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण इथे घ्यावंच लागतं. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या कोसळल्या होत्या, पुढे बरीच वर्षं सोवळं जपत राहिल्या. जात माणसाने केली, देवाने नाही, हे एकदा मनाला पटलं. मग त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला नाही. ज्यांच्या हातचं चालत नव्हतं त्यांच्या हातचं पाणी पिऊन टाकलं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० चा, आणि 'स्मृतिचित्रे' तर १९३४ पासून, पार म्हातारपणी. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई! तिने आधी आपली साहित्यिक किंमत काढत बसायचं ठरवलं असतं तर मराठीला ते पुस्तक मिळालं नसतं.

एखादा अवघड प्रसंग असाही येतो, की कृतीच सुचत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरकडची गावं भूकंपात कोसळली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. मारलं ते दगड-मातीच्या जाडजूड भिंतींनी. वाड्याची भिंत जितकी रुंद तितकी गावात पत मोठी, आणि तीच अंगावर आली. कुडाच्या झोपडीत जड काही नव्हतंच पडायला. पण म्हणून कोणी झोपडीवाल्याला "देवाने तुला निवडलं" म्हणायला गेलं, तर त्याला थांबवावं, आणि वाड्यावाल्याला "देवाची इच्छा" म्हणणाऱ्याला तर तिथून हाकलूनच द्यावं. अशा वेळी ढिगाऱ्यावरचा एक दगड उचलून बाजूला ठेवणं, एवढीच प्रार्थना शिल्लक राहते. दगड जड असतो, दोघं लागतात. दुसऱ्याचा धर्म विचारायला तोंडात दम राहत नाही.

वारंवार उद्भवणारे बिघाड

*"साक्ष द्यायला सांगतात, पण सांगण्यासारखं काही नाही."* ही तक्रार फार येते. साक्षीला उभे राहणारे सगळे पूर्वी दारू पीत होते, जुगार खेळत होते, एकाने तर विहिरीत उडी मारली होती. तुम्ही बिचारे पोस्टात बचत खातं असलेले, बायकोशी बरे वागणारे. भूतकाळ सभ्य निघाला म्हणून खट्टू होऊ नका. त्यासाठी नव्याने दारू सुरू करायचीही गरज नाही. "परवा मला राग आला होता, मी गप्प बसलो," एवढी साक्ष पुरे. ऐकणाऱ्यांना ती खरी वाटेल, कारण त्यांना तुमचा राग माहीत असतो.

*"तुमचा धर्म परका, असं शेजारी म्हणतो."* वादात पडायचं तर तयारीने पडा. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवड झाली, तेव्हा हाच सूर लागला होता. उद्घाटक ना. धों. महानोरांनी येऊ नये म्हणून त्यांच्यावरही दबाव आला. जानेवारी २०२० मध्ये, आपल्या शेजारच्या उस्मानाबादेत, आताच्या धाराशिवला, दोघेही आले. फादरांची पाठ दुखण्याने मोडून आली होती, तरी बोलले, आणि जे बोलले ते मराठीत बोलले. 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला तो २०१३ चा. हे सांगूनही शेजाऱ्याचं समाधान झालं नाही तर त्याला संत्री द्या, किंवा नाताळला करंज्या. करंज्या जास्त लागू पडतात, असा आमच्या गल्लीचा अनुभव आहे.

*"किंमत फार वाढली आहे."* लक्षणं: आवाजात घोगरेपणा, पाळकांना "अहो" ऐवजी नावाने हाक, स्वतःच्या नावाआधी "ब्रदर" लावून घेणं, प्रभूने आपल्याला काल रात्री वैयक्तिक काय सांगितलं ते सर्वांना सांगणं. पायरी दुसरीमधला नमण्याचा उपदेश दुप्पट घ्या. फरक पडला नाही तर महिनाभर सतरंजी अंथरण्याचं काम करा. त्या बाईला विचारून करा, घडी तिच्या पद्धतीने घालायची असते.

*"सगळं केलं, तरी आतून काही वाटत नाही."* वाटेल किंवा वाटणार नाही. गिदोनाला शेवटपर्यंत किती वाटलं याची नोंद नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीला पाच लाख लिटर. गाडी हाकणाऱ्याला त्या रात्री आतून काय वाटलं, हे लातुरात कोणी विचारलं नाही. घागरी लावल्या.

*"डबा रोज नेला तर बायको/नवरा/सून रागावते."* घरात एका माणसाला जास्तीच्या भाकरी थापाव्या लागतात, आणि तुमच्या विश्वासाचा धूर त्या माणसाच्या डोळ्यात जातो. ही तक्रार रास्त आहे. पीठ तुम्ही मळा. भेटीची वेळ कोणत्या वॉर्डात किती वाजता, ते आधी गेटवरच्या मामांना विचारून ठेवा, नाहीतर डबा आत जात नाही आणि भाकरी वातड होते.